तुकईथडची ओळख पटत नाही

"तापीमाय एक वेळ खोटं बोलेल, पण आमच्या बिनतारीवर आता कुणाच्या बापाला खोटं बोलता यायचं नाही," असं मोतीलालजींनी भर कचेरीत सांगितलं आणि ऐकायला चुडामण शिपायाशिवाय कुणी नाही हे पाहून परत एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.

ते वर्ष एकीकरणाचं होतं. आदल्या नोव्हेंबरपर्यंत बुऱ्हाणपूरचा कारभार नागपूरला विचारून चालायचा. आता तो भोपाळला विचारून चालायचा होता. चार बाजूंचे तुकडे शिवून एक राज्य केलं होतं. राज्य शिवून झालं, पण माणसं शिवायची राहिली होती. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, कोण मुळातच कशाला, याचा निवाडा व्हायचा होता, आणि तोवर प्रत्येक सरकारी माणसाकडं एकच काम होतं: आपण कोण ते सिद्ध करणं.

मोतीलालजी तापी पूर-संदेश केंद्राचे अधीक्षक होते, पण स्थानापन्न. म्हणजे खुर्चीवर बूड त्यांचं होतं आणि खुर्ची सरकारची होती. श्रावणात भोपाळहून उपसंचालक साहेब येणार, कारभार पाहणार, आणि मोतीलालजींना कायम करायचं की एखाद्या जंगलात पाठवून पावसाचे थेंब मोजायला बसवायचं ते ठरवणार, असं पक्कं कळलं होतं. तेव्हापासून मोतीलालजींचं जेवण निम्म्यावर आलं होतं. त्यांच्या पत्नी सुनंदाबाईंनी ताटात दोन पोळ्या वाढल्या तरी ते एक परत देत, आणि ती परत देताना उसासा टाकत.

केंद्राचा कारभार साधा होता. वर तुकईथडला नदीकाठी एक बिनतारी संच, मध्ये बुऱ्हाणपूरला एक, खाली शाहपूरला एक. तुकईथडच्या शालिग्रामनं पाणी वाढलेलं बघायचं आणि बुऱ्हाणपूरला सांगायचं, म्हणजे पाणी येईपर्यंत घाटावरच्या लोकांना हलवता येई. तिन्ही संच एकाच लहरीवर होते. एकजण बोलला की दोघांना ऐकू जाई. गावच्या विहिरीवर गुपित सांगितलं तर जेवढं गुपित राहील, तेवढं यावर राही.

तुकईथडचा संच लष्करानं मोडीत काढलेला होता आणि तो ट्रकच्या जुन्या बॅटरीवर चाले. बॅटरी बसच्या टपावरून बुऱ्हाणपूरला चार्जिंगला येई आणि कंडक्टर गोटूला आठवण झाली की परत जाई. ऐकायला तिला कष्ट नसत; बोलायला मात्र ती चार वाक्यांत धापा टाकी. शालिग्राम म्हणे, ही म्हातारी सासू आहे, ऐकून सगळं घेते, बोलायला लावलं की हिला चक्कर येते.

आता, आदल्या पावसाळ्यात काय झालं होतं, की कुणीतरी "तुकईथड बोलतोय" म्हणून मोठ्या पुराची वर्दी दिली. बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या वाळूत रंगाऱ्यांनी लुगडी वाळत घातली होती. त्यांनी ती ओलीच गोळा केली. लालचा रंग निळ्याला लागला, निळ्याचा पिवळ्याला. पूर काही आला नाही. वर्दी तुकईथडनं दिलीच नव्हती. कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. शाहपूरचा संच सांभाळणाऱ्या पंडितकडं सगळ्यांनी एकदा पाहिलं आणि त्यानं आकाशाकडं पाहिलं. पुढं ती डागाळलेली लुगडी ‘नवी तऱ्हा’ म्हणून जास्त भावानं खपली, पण सरकारनं अशा नफ्याची दखल घ्यायची नसते. संदेश देणारा तोच आहे कशावरून, असा सवाल वरून आला, आणि मोतीलालजींना वाटलं, हीच ती शिडी.

चुडामण म्हणाला, "साहेब, शालिग्रामचा आवाज तर मी झोपेतबी ओळखतो."

"आवाज हा पुरावा नाही," मोतीलालजी म्हणाले. "आवाज सर्दीनं बदलतो. नियम सर्दीनं बदलत नाही."

म्हणून गुप्त शब्द ठरला. मोतीलालजींनी खूप विचार करून ‘मावाजिलेबी’ हा शब्द निवडला, आणि तो शालिग्रामला कळवणं भाग होतं म्हणून बिनतारीवरूनच, स्पष्ट उच्चारात, दोनदा कळवला. हा शब्द कुणालाही सांगायचा नाही, अशी ताकीदही तिथंच दिली. "समजलं साहेब," असं उत्तर पहिल्यांदा शाहपूरहून आलं.

तो शब्द रद्द करून दुसरा ठरवला, आणि आता हवेवर भरवसा नको म्हणून गोटू कंडक्टरच्या तोंडी पाठवला. गोटू इमानी माणूस. आपण विसरू नये म्हणून तो बसमध्ये शब्द घोकत गेला. तिकिटं फाडताना मध्येच अडला की प्रवासी त्याला आठवण करून देत. वाटेत खकनारला उतरलेल्यांनी तो तिथल्या बाजारात नेला. तुकईथडला बस पोचली तेव्हा शालिग्राम थांब्यावर उभा होता आणि गोटूनं तोंड उघडायच्या आत म्हणाला, की कळला मला सकाळीच.

मग मोतीलालजींच्या ध्यानात आलं, की शब्द चोरता येतो; माणसाच्या घरची गोष्ट चोरता येत नाही. तेव्हा घरचा सवाल विचारायचा. ज्याच्या घरचा, त्यालाच उत्तर ठाऊक. युक्ती नामी होती आणि बहुतेक देशांत ती चाललीही असती. पण तापीच्या खोऱ्यात पोरी द्यायच्या त्या पलीकडच्या गावात आणि करायच्या त्या अलीकडच्या गावातून. तिथं घरची गोष्ट ही एका घराची कधीच नसते. पहिल्याच चाचणीला मोतीलालजींनी विचारलं, की तुझ्या आईचं माहेर कोणतं. शालिग्राम बटण दाबून उत्तर देतो न देतो, तोच कचेरीच्या ओसरीत केळ्यांची पाटी घेऊन बसलेली सोजरबाई आतल्या बाजूला मान वळवून म्हणाली, "त्याले काय विचारता बाप्पा? डोईफोड्याची ती. धाकली. मी तिच्या हळदीले होती ना."

शालिग्रामचं उत्तरही डोईफोडाच आलं. मोतीलालजींनी दोन्ही उत्तरं टिपून घेतली. मग म्हणाले, की दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच उत्तर येतंय, म्हणजे पद्धत दुप्पट खात्रीची आहे.

अशा रीतीनं एकीकृत नदी-संदेश परिचय-प्रणाली तयार झाली. आधी गुप्त शब्द. तो जुळला की घरचा सवाल. तो जुळला की कर्मचाऱ्याचं नाव, बापाच्या नावासकट, खणखणीत. यात कुठं अडखळलं तर पुढचा संदेश ऐकू आला तरी ग्राह्य धरायचा नाही. शालिग्रामनं हे सगळं एकदा करून पाहिलं आणि त्याची बॅटरी बसली. ती चार्ज होऊन परत आल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, मी कोन ते सांगन्यातच ही बसते. पुराचं कधी सांगू?"

"आधी तू कोण ते ठरू दे," मोतीलालजी म्हणाले. "तूच नसशील तर पूर पाहिला कुणी?"

यावर शालिग्रामनं पुन्हा बटण दाबलं. तोवर बॅटरी परत बसली होती.

श्रावणात साहेब आले. बुऱ्हाणपुरात ऊन पडलं होतं. नदी खाली होती, वाळू कोरडी होती. मोतीलालजींनी मांडव कचेरीत घातला नाही, घाटाच्या पायऱ्यांवर घातला नाही; थेट नदीच्या वाळूत घातला. चुडामणनं दबकत विचारलं तेव्हा म्हणाले, अरे, यातच तर खरी मेख आहे. ज्याचा आपल्या प्रणालीवर भरवसा असतो, तो नदीच्या मांडीवर बसतो. पाणी येणार असेल तर वर्दी आधी येईल. सतरंजी अंथरली, गालिचा अंथरला, बुऱ्हाणपूरचा संच उचलून मांडवात आणला, त्याला लग्नातला कर्णा जोडला. शेजारी रंगाऱ्यांची लुगडी वाळत होती. जिलेबीचं ताट झाकून ठेवलं होतं. घाटावर तमाशा बघायला निम्मं शहर जमलं होतं.

इकडं तुकईथडला शालिग्राम हिवतापानं कांबळ्याखाली कुडकुडत होता, आणि तिकडं वर डोंगरात रात्रभर कोसळून नदी भुऱ्या रंगाची होऊन निघाली होती. शालिग्रामची बायको कोकिळा पाणी भरायला गेली, तशीच रिकामी घागर घेऊन पळत आली. नवऱ्याला हलवून पाहिलं. तो तापात बरळत होता. तेव्हा तिनं स्वतःच संचाचं बटण दाबलं.

मांडवात साहेबांच्या स्वागताचं भाषण चाललं होतं. कर्णा खरखरला आणि अवघ्या राजघाटाला ऐकू गेलं: "बुऱ्हानपूर, बुऱ्हानपूर. मोठं पानी येऊन राह्यलं. वाळूतले मानसं काढा लवकर."

घाटावरच्या लोकांनी आवाज ओळखला. ही शालिग्रामची कोकिळा, आणि ती उगाच बोलणारी नाही, एवढं त्यांना पुरलं. रंगाऱ्यांनी लुगडी ओढली, नावाड्यांनी नावा बांधल्या, बायकांनी पोरं उचलली, आणि पाहता पाहता सगळे पायऱ्या चढून वर गेले. वाळूत फक्त सरकार उरलं.

साहेबही उठू लागले होते. मोतीलालजींनी हात जोडून त्यांना बसवलं. "संदेश अजून ग्राह्य झालेला नाही, साहेब. आधी परिचय होऊ द्या. प्रणाली कशी चालते ते आत्ताच तर दिसेल." साहेबांनी कौतुकानं मान हलवली आणि पुन्हा टेकले.

मोतीलालजींनी गुप्त शब्द विचारला. कोकिळेनं तो सांगितला. खकनारच्या बाजारात जाणाऱ्या सगळ्यांना तो ठाऊकच होता. मोतीलालजींनी घरचा सवाल टाकला. सासूचं माहेर, डोईफोडा. तोही बरोबर. साहेब म्हणाले, "वाह." आता राहिलं होतं नाव.

"कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव सांगा," मोतीलालजी म्हणाले.

कर्णा नुसताच खरखरला. मग हळूच आवाज आला, "ते… आमचे."

"आमचे कोण?"

"हे."

"हे या नावाचा कर्मचारी आमच्याकडं नाही," मोतीलालजींनी सांगितलं. आणि त्यांनाच जरा कसंसं झालं, कारण सुनंदाबाईंच्या तोंडून त्यांचं स्वतःचं नाव लग्नापासून एकदाही निघालं नव्हतं. घरी त्यांचंही नाव ‘अहो’ होतं. चांगल्या घरची बाई कर्ण्यावरून, एवढ्या पुरुषांत, नवऱ्याचं नाव घेईल कशी? साहेबांना ही अडचण समजावून द्यावी लागली. ते हिंदीत म्हणाले, "तो कोई रास्ता निकालिए." मोतीलालजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी तिथल्या तिथं प्रणालीत सुधारणा केली: थेट नाव घेण्यास सामाजिक अडचण असल्यास ते उखाण्यात घ्यावं, उखाण्यातलं नाव ग्राह्य धरण्यात येईल.

पायऱ्यांवरच्या बायका कान टवकारून पुढं सरकल्या. नदीचा रंग बदलायला लागला होता.

उखाणा म्हटल्यावर कोकिळेचा नाइलाज झाला. साधा दोन ओळींचा घेतला असता तरी भागलं असतं. पण कर्ण्यावरून सगळं बुऱ्हाणपूर ऐकतंय म्हटल्यावर दोन ओळींत आटोपणं माहेरची लाज काढण्यासारखं होतं. तिनं पदर सावरला असावा, कारण बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. मग ती म्हणाली,

"सातपुड्यातून निघाली तापी, आली धावत धावत,
दोन्ही काठांत पानी तिचं आता नाही मावत.
केळी गेल्या, कुंपन गेलं, निम्मा गेला गाव,
आता तरी ऐका साहेब, घेते यांचं नाव —"

आणि बॅटरी बसली.

उखाण्याची रीतच अशी आहे, की नाव शेवटी येतं. कर्ण्यातून सूं असा आवाज येत राहिला. पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. साहेबांनी अर्थ विचारला. मोतीलालजींनी सांगितलं, की नदीवर कविता होती, गाव गेला वगैरे अलंकार आहे, आमच्या भागात बायका असं बोलतात. मात्र नाव न आल्यानं तुकईथडची ओळख पटलेली नाही आणि पुराची वर्दी फेटाळण्यात येत आहे. साहेब म्हणाले, की इतकी कडक शिस्त त्यांनी ग्वाल्हेरकडंही पाहिली नाही. गालिच्याची एक कड ओली झाली होती; ती चुडामणनं दुमडून ठेवली.

तेवढ्यात कर्णा पुन्हा बोलला. "साहेब, मी शाहपूरहून पंडित. ती माझी सख्खी बहीन आहे. खरं बोलून राह्यली ती. उठा तिथून."

मोतीलालजींनी त्याला समजावलं, की शाहपूर हे नदीच्या खालच्या अंगाला आहे. वरच्या पुराची वर्दी खालच्या केंद्राला देता येत नाही. वर्दी तुकईथडनंच दिली पाहिजे.

कर्ण्यात कुणीतरी खाकरलं. मग तोच पंडितचा आवाज म्हणाला, "तुकईथड बोलतोय."

"गुप्त शब्द?"

पंडितनं सांगितला.

"आईचं माहेर?"

"डोईफोडा."

"पूर्ण नाव?"

"शालिग्राम सुकलाल," पंडित म्हणाला. मेहुण्याचं नाव घ्यायला त्याला कसली लाज? शाहपूरची बॅटरी पिठाच्या गिरणीवर रोज चार्ज होई. शब्द न् शब्द खणखणीत आला. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. ज्याची ओळख पटायला हवी होती त्याची पटली होती.

"ओळख पटली," मोतीलालजींनी जाहीर केलं. "आता तुमचा संदेश सांगा."

"पळा," पंडितनं सांगितलं.

संदेश ग्राह्य धरण्यात आला तेव्हा पाणी साहेबांच्या गुडघ्याला होतं. जिलेबीचं ताट झाकणासकट निघालं. संच गेला, कर्णा गेला, मांडव हात वर केल्यासारखा उभाच्या उभा वाहत गेला. साहेब एका बांबूला आणि मोतीलालजी साहेबांना धरून होते. भाईदास नावाड्यानं नाव जवळ आणली, पण हात द्यायच्या आधी क्षणभर वल्हं रोखून धरलं.

"साहेब, पूर्ण नाव काय म्हनले तुमचं?"

मोतीलालजींनी एका दमात आपलं नाव, बापाचं, आज्याचं, आईचं माहेर, बायकोचं माहेर आणि कुणी विचारला नव्हता तो गुप्त शब्दही सांगून टाकला. भाईदासनं दोघांना मानगुटीला धरून नावेत घेतलं. वाटेत तो म्हणाला, की तसं मी तुमाले ओळखतोच. आमच्या घरामागं तर राहता.

साहेबांनी धर्मशाळेत कोरडं धोतर नेसून निकाल दिला. प्रणाली यशस्वी झाली होती. सरकारनं जी वर्दी स्वीकारली ती पूर्ण प्रमाणित होती. पाणी मात्र कसलीही ओळख न देता आलं, त्याला केंद्राचा इलाज नाही. कोकिळा ही अनोळखी स्त्री ठरली. शालिग्रामनं हिवतापाची रजा मागितली ती नामंजूर झाली, कारण त्या दिवशी तो बिनतारीवर ठणठणीत बोलल्याचं खुद्द साहेबांनी ऐकलं होतं. शालिग्राम कांबळं पांघरून बुऱ्हाणपूरला तक्रार करायला आला तेव्हा गुप्त शब्द बदललेला होता. त्याला तो सांगता आला नाही. चुडामण म्हणाला, की अरे, हा तर शालिग्रामच आहे. पण चुडामण हा काही प्रणालीचा भाग नव्हता. शेवटी शालिग्रामला शाहपूरला जाऊन पंडितला आणावं लागलं. पंडितनं त्याच्या वतीनं शालिग्राम असल्याचं सिद्ध केलं आणि शालिग्रामनं शेजारी उभं राहून ते ऐकलं.

कुणाला पंडितचा राग येत असेल, तर येऊ द्यावा. पण तुमच्या आईचं माहेर कोणतं ते तुम्ही आजवर किती खिडक्यांवर सांगितलंय ते एकदा आठवावं, आणि त्या खिडकीशी तुमच्यामागं रांगेत कोण उभं होतं तेही.

राहिली मोतीलालजींची गोष्ट. साहेबांनी भोपाळला पोचताच त्यांना कायम करायचा हुकूम काढला आणि खूश होऊन तो मुद्दाम बिनतारीनंच धाडला. बुऱ्हाणपूरचा संच तर समुद्राच्या वाटेला लागला होता. हुकूम शाहपूरला ऐकू आला. पंडितनं सांगितलं, की मी शाहपूर, मी निरोप पोचवतो. वरून उत्तर आलं, की हा हुकूम खुद्द मोतीलाल यांनाच देता येईल. दुसऱ्या कुणालाही नाही. मोतीलाल तिथं असतील तर त्यांनी परिचय द्यावा. पंडितनं कपाळाला हात लावला, खाकरला, आणि मोतीलालजींचं काम अडू नये म्हणून बापाच्या नावासकट सगळा परिचय दिला. तो पाण्यातून ओरडून सांगितलेला असल्यामुळं सबंध घाटाला पाठ होता, आणि घाटावरून शाहपूरलाही पोचला होता. ओळख पटली. हुकूम मोतीलाल यांना शाहपूर मुक्कामी लागू झाला आणि त्यांनी तिथंच रुजू व्हावं असं ठरलं.

पहिल्या तारखेला मोतीलालजी पगार आणायला गेले, तेव्हा तो मोतीलालनं सकाळीच नेला होता.